बेदाण्याच्या गावातले परके

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सांगली-तासगावकडच्या शेतकऱ्याला 'थॉमसन सीडलेस' म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. बिनबियांचे हे द्राक्ष आपल्या मातीत रुजले आणि त्याच्यातूनच निवड करून 'तास-ए-गणेश' हे वाण पुढे आले. या द्राक्षाला थॉमसन हे आडनाव चिकटले ते मात्र अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात. त्या राज्याच्या मधल्या सपाट खोऱ्यात फ्रेस्नो नावाचे शहर आहे. आपल्याकडे बेदाणा शेडमध्ये, जाळ्यांवर, सावलीत सुकवतात. फ्रेस्नोला पिढ्यान्‌पिढ्या तो वेलींच्या दोन ओळींमध्ये, उघड्या उन्हात पसरून सुकवला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतला बेदाणा म्हणजे फ्रेस्नो, असेच समीकरण होते.

आज या गावाची गोष्ट सांगायची आहे. तो बेदाणा पिकवणाऱ्यांत एक जमात होती, तिची ही गोष्ट आहे. तिचे नाव आर्मेनियन. याच गावात त्यांना 'फ्रेस्नो इंडियन' म्हणून हिणवत असत. इंडियन म्हणजे आपण नव्हे, तर अमेरिकेतले मूळचे आदिवासी. ज्यांच्या जमिनी बळकावल्या त्यांचेच नाव शिवी म्हणून वापरायचे आणि ती शिवी नव्याने आलेल्या तिसऱ्याच कुणाला तरी द्यायची! एका शिवीत दोन समाजांचा अपमान उरकला जाई.

आर्मेनियन लोक आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. इराण-तुर्कस्तानच्या वाटेने व्यापार करत ते मोगल काळात हिंदुस्थानात आले. आग्रा, सुरत, चिनसुरा, मद्रास, कोलकाता या ठिकाणी त्यांच्या पेढ्या होत्या. मुंबईच्या फोर्ट भागातही अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे चर्च उभे राहिले. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक 'आझदारार' हे १७९४ साली निघाले ते मद्रासमध्ये. ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारणारे आपण जगातले पहिले राष्ट्र, असा या लोकांचा अभिमान. परंपरेनुसार ते साल इसवी सन ३०१. त्यांची भाषा आपल्या मराठीसारखीच इंडो-युरोपीय कुळातली, पण स्वतंत्र शाखेची. लिपीही त्यांची स्वतःची.

हे लोक अमेरिकेत का गेले? सुरुवातीला शिक्षण, व्यापार आणि मिशनऱ्यांची ओळख या कारणांनी थोडे थोडे गेले. फ्रेस्नोत पहिले आर्मेनियन पोहोचले १८८१ साली. सेरोपियन आडनावाचे हे भाऊ. त्यांतल्या एकाला क्षयाची बाधा झाली होती, म्हणून ते थंड मॅसॅच्युसेट्स सोडून कोरड्या हवेच्या शोधात इकडे आले. इथली द्राक्षे, अंजिरे, कलिंगडे पाहून त्यांना आपला मुलूख आठवला असणार. पत्रे गेली आणि नातेवाईक, गाववाले येऊ लागले. पण पुढे येणारे लोक हवापालटासाठी येत नव्हते. ऑटोमन साम्राज्यात १८९४ ते १८९६ या काळात आर्मेनियनांच्या कत्तली झाल्या. १९०९ साली अदाना भागात पुन्हा तेच घडले. आणि २४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमधल्या आर्मेनियन पुढाऱ्यांची, लेखक-संपादकांची धरपकड झाली. त्यानंतर गावेच्या गावे रिकामी करून माणसांना सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलण्यात आले. दहा लाखांच्या आसपास माणसे मेली. काही अंदाजांनुसार पंधरा लाख. जे वाचले ते मिळेल त्या वाटेने जगभर पांगले.

अमेरिकेने त्या वेळी मोठे मन दाखवले, हेही सांगितले पाहिजे. १९१५ साली तिथे मदतनिधी सुरू झाला. 'निअर ईस्ट रिलीफ' या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या संस्थेने १९३० पर्यंत अकरा कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली, हजारो अनाथ मुले सांभाळली. घराघरांत डबे फिरले, शाळाशाळांत नाणी गोळा झाली. मुलाने ताटात टाकले की आई म्हणायची, "तिकडे आर्मेनियन उपाशी मरताहेत, आठव जरा!" हे वाक्य अमेरिकेच्या दोन पिढ्यांच्या कानांवरून गेले आहे.

आता गंमत पाहा. गंमत म्हणण्यासारखे त्यात काही नाही, पण पाहा. ज्या देशातली आई जेवणाच्या टेबलावर उपाशी आर्मेनियनाची आठवण काढत होती, त्याच देशात, फ्रेस्नो शहरात, शेजारचे घर आर्मेनियनाला विकायचे नाही असा करार होत होता. दूरचा आर्मेनियन दयेला पात्र होता. जवळचा आर्मेनियन नकोसा होता.

हे करार तोंडी नव्हते. जमिनीच्या खरेदीखतातच कलम असे की ही मालमत्ता अमुक अमुक वंशाच्या माणसाला विकता येणार नाही, त्याला तिथे राहता येणार नाही. फ्रेस्नोतल्या काही खतांमध्ये ही यादी लांबलचक आहे. तीत कृष्णवर्णीय आहेत, चिनी आहेत, जपानी आहेत, आर्मेनियन आहेत, 'तुर्की साम्राज्यात जन्मलेले' आहेत. आणि 'हिंदू' हाही शब्द आहे. त्या काळच्या अमेरिकन बोलीत हिंदू म्हणजे हिंदुस्थानातला कोणीही, मग तो शीख असो की मुसलमान. तुर्कांच्या हातून जे मरता मरता वाचले, त्यांना अमेरिकेत 'तुर्की साम्राज्यातले' म्हणून दार बंद झाले. देवाच्या घरीही फारसे वेगळे नव्हते. तिथल्या चर्चमध्ये आपल्याला बरोबरीची वागणूक नाही, हे जाणवल्यावर १८९७ साली त्यांनी आपले स्वतंत्र आर्मेनियन प्रेस्बिटेरियन चर्च काढले.

हा राग आला कुठून? धर्म एकच. रंगाने पाहावे तर अनेक जण इटालियन किंवा ग्रीक माणसाहून वेगळे दिसत नव्हते. माझ्या मते उत्तर शेतात आहे. त्या खोऱ्यातल्या बड्या जमीनदारांच्या डोक्यात परदेशातून आलेल्या माणसाची एक ठरलेली जागा होती: मजुराची. चिनी आले, जपानी आले, ते आधी दुसऱ्याच्या रानात राबले. आर्मेनियनही राबले, पण फार काळ नाही. घरातल्या सगळ्यांनी काम करायचे, पैसा पैसा जोडायचा, कर्ज काढायचे आणि दहा-वीस एकर का होईना, स्वतःची बाग घ्यायची, ही त्यांची रीत. आपल्याकडच्या शेतकरी कुटुंबाला यात काही नवल वाटणार नाही. पण काल आलेला माणूस आज बांधाला बांध लावून मालक होतो, जमिनीसाठी आपल्याहून चढी बोली लावतो, हे जुन्यांना सहन होईना. मजूर म्हणून तो चालला असता. शेजारी म्हणून तो चालेना.

त्यात बेदाण्याच्या बाजाराची भर पडली. १९१२ साली तिथल्या उत्पादकांनी एक मोठा संघ उभारला. आज 'सन-मेड' या नावाने जगभर ओळखला जातो तोच हा. बहुतेक सगळा माल संघाकडे आला तरच भाव टिकणार, असे त्याचे गणित. सहकार म्हणजे काय आणि सहकारातली भांडणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. काही बागायतदारांनी करारावर सही करायला नकार दिला. आपला माल आपण विकू, असे ते म्हणाले. त्यांत आर्मेनियन होते, इतरही होते. १९२० नंतर बेदाण्याचे भाव कोसळले आणि वातावरण तापले. रात्री टोळक्याने एखाद्याच्या दारात जायचे, धाकदपटशा करायचा, प्रसंगी हात टाकायचा आणि सही घ्यायची, असे प्रकार झाले. त्यात परकी आडनावे आधी निवडली गेली. भाव पडला तो बाजारामुळे, पण दोष गेला आडनावावर.

याच सुमारास एक त्याहून मोठा धोका उभा राहिला. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यानुसार परदेशी माणसाला नागरिक व्हायचे असेल तर तो 'गोरा' असावा लागे. १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, आशियाई मात्र बाहेरच राहिले. आणि १९१३ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ठरवले की ज्याला नागरिक होण्याचा हक्कच नाही, त्याला शेतजमिनीची मालकीही नाही. म्हणजे आर्मेनियन माणूस गोरा की आशियाई, या प्रश्नावर त्याची बाग, घर, कर्ज, मुलांचे भवितव्य सगळे टांगलेले होते.

१९०९ साली बॉस्टनमध्ये चार आर्मेनियनांच्या अर्जाला सरकारने हरकत घेतली. न्यायाधीश लॉवेल यांनी ती फेटाळली. 'गोरा' या शब्दाचा नेमका शास्त्रीय अर्थ सांगता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पण १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला आणि सगळे पुन्हा डळमळले. तो खटला होता आपल्याच एका माणसाचा. भगतसिंग थिंड हे पंजाबातले शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात नोकरी केलेले. त्यांचा युक्तिवाद असा की मानववंशशास्त्राच्या पुस्तकांनुसार उत्तर हिंदुस्थानातले लोक कॉकेशियन गणले जातात, तेव्हा मी गोरा. त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत सखाराम गणेश पंडित हे होते. नाव मराठी कानाला घरचे वाटावे असे, पण जन्म अहमदाबादचा. न्यायालयाने सांगितले की शास्त्र काय म्हणते ते महत्त्वाचे नाही. रस्त्यावरचा सामान्य गोरा माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. थिंड हरले. त्यानंतर नागरिकत्व मिळालेल्या अनेक हिंदी लोकांवर ते रद्द करण्याचे खटले भरले गेले. खुद्द पंडितांवरही खटला झाला. ते मात्र १९२६ साली अपिलात जिंकले.

रस्त्यावरच्या माणसाचे मत हीच कसोटी असेल, तर फ्रेस्नोतल्या आर्मेनियनाचे काय होणार? सरकारने लगेच पाऊल टाकले. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात गालिचांचा व्यापार करणारे तातोस कार्तोझियन नुकतेच नागरिक झाले होते. त्यांचे नागरिकत्व रद्द करावे, असा दावा सरकारने लावला. देशभरातला आर्मेनियन समाज या खटल्यामागे उभा राहिला. फ्रांझ बोआस यांच्यासारखे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ साक्षीला आले. आर्मेनियन मूळचे युरोपातले, धर्माने ख्रिस्ती, गोऱ्या समाजाशी लग्नसंबंध करणारे, त्याच्यात सहज मिसळणारे, असे मांडण्यात आले. जुलै १९२५ मध्ये न्यायाधीश वॉल्व्हर्टन यांनी निकाल दिला: आर्मेनियन गोरे आहेत. जमिनी वाचल्या.

या विजयाचा आनंद आपण कसा करायचा? त्या समाजाच्या जागी कोणीही असता तरी त्याने हेच केले असते. पण हा विजय मिळाला तो 'आम्ही त्या आशियाईंसारखे नाही' हे सिद्ध करून. दार उघडले ते एका समाजापुरते, आणि चौकट होती तशीच राहिली. जपानी, चिनी, हिंदी बाहेरच राहिले. हिंदी माणसाला अमेरिकेत नागरिकत्वाचा हक्क मिळायला १९४६ साल उजाडावे लागले. पूर्वग्रहाशी लढताना माणूस बहुधा एवढेच म्हणतो की माझे नाव त्या यादीतून काढा. यादीच फाडा, असे म्हणायला बळ लागते, आणि ते निर्वासिताकडून मागणे अवघड आहे.

कायद्याने गोरे ठरले, तरी फ्रेस्नोत काही बदलले नाही. घरांचे करार तसेच राहिले. अशा वेळी तिथे एक तरुण संशोधक आला. त्याचे नाव रिचर्ड लापियर. स्टॅनफर्ड विद्यापीठातला हा समाजशास्त्राचा अभ्यासक. १९३० च्या सुमारास त्याने एक साधी गोष्ट केली. फ्रेस्नोतल्या लोकांना विचारले की आर्मेनियन तुम्हाला का आवडत नाहीत? लोकांनी कारणे सांगितली. मुख्य कारणे तीन. एक, ते लबाड, व्यवहारात खोटे. दोन, ते आयतोबा, धर्मादाय मदतीवर जगणारे. तीन, ते गुन्हेगार वृत्तीचे, सतत कायद्याच्या कचाट्यात सापडणारे.

लापियर मग कागदपत्रांकडे वळला. व्यापाऱ्यांच्या संघटनेकडे उधारीची पत नोंदवलेली असते, ती पाहिली. आर्मेनियनांची पत इतरांइतकीच चांगली निघाली. धर्मादाय मदतीच्या आणि मोफत औषधोपचारांच्या नोंदी पाहिल्या. मदत मागणाऱ्यांत आर्मेनियन इतरांपेक्षा कमी निघाले. न्यायालयांची दप्तरे पाहिली. लोकसंख्येत आर्मेनियन सुमारे ६ टक्के होते, खटल्यांत त्यांचे प्रमाण सुमारे दीड टक्का निघाले. तिन्ही आरोप खोटे होते. पुढे गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने पूर्वग्रहावरच्या आपल्या १९५४ च्या प्रसिद्ध ग्रंथात हे उदाहरण घेतले आणि ते जगभरच्या वर्गांत शिकवले जाऊ लागले.

पण या अभ्यासातला खरा धडा आकड्यांच्या पलीकडे आहे. आकडे समजल्यावर लोकांनी आर्मेनियनांविषयीचे मत बदलले का? तसे झाले नाही. कारण मत आधी तयार होते, कारणे मागाहून शोधली गेली होती. एक कारण खोटे ठरले की दुसरे पुढे येई. हाच आर्मेनियन एकाच वेळी 'चिक्कू, पैशाला पैसा जोडणारा' असायचा आणि 'फुकट खाणारा' असायचा. 'आपल्याआपल्यातच राहणारा' असायचा आणि 'आमच्या वस्तीत घुसू पाहणारा'ही असायचा. त्याला चर्चमध्ये बरोबरीने वागवायचे नाही आणि त्याने वेगळे चर्च काढले की म्हणायचे, पाहा, हे लोक मिसळत नाहीत! एकाच माणसावर असे दोन उलटे आरोप ऐकू आले की समजावे, चर्चा त्या माणसाची चाललेली नाही, बोलणाऱ्याच्या भीतीची चालली आहे.

याच लापियरचा आणखी एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका चिनी जोडप्याबरोबर त्याने अमेरिकाभर मोटारप्रवास केला. अडीचशेहून अधिक हॉटेले आणि खाणावळी त्यांनी पालथ्या घातल्या. प्रवेश नाकारला गेला फक्त एकदा. नंतर त्याच ठिकाणांना पत्रे पाठवून विचारले, चिनी माणसांना जागा द्याल का? उत्तरे देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी 'नाही' असे कळवले. समोर उभ्या असलेल्या, हसून बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणणे कठीण जाते. 'चिनी' या शब्दाला नाही म्हणणे सोपे असते. १९३४ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. फ्रेस्नोत मात्र उलटे होते. तिथे शेजारी समोरच होता आणि उपाशी आर्मेनियन दूर होता. म्हणजे नुसत्या ओळखीने पूर्वग्रह जातो असेही नाही. पाहुणा म्हणून भेटलेला माणूस आवडतो. वाटेकरी म्हणून भेटलेला आवडायला वेळ लागतो.

मग फ्रेस्नोत बदल कसा झाला? हळूहळू, आणि अनेक बाजूंनी. १९२४ च्या कायद्याने नवे स्थलांतर जवळजवळ थांबले, म्हणून 'लोंढे येताहेत' ही ओरड बंद पडली. इथे जन्मलेली मुले इंग्रजी शाळांतून शिकली, दुसऱ्या महायुद्धात लढली. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वंशावरून घर नाकारणारे करार न्यायालये अमलात आणणार नाहीत. १९६८ च्या कायद्याने असा भेदभावच बेकायदा ठरवला. आणि एक गोष्ट साहित्याने केली. फ्रेस्नोत १९०८ साली जन्मलेला, लहानपणी वडील वारल्यामुळे काही वर्षे अनाथाश्रमात काढलेला विल्यम सरोयान लेखक झाला. १९४० साली त्याच्या 'माय नेम इज अराम' या कथासंग्रहातून फ्रेस्नोची आर्मेनियन वस्ती अमेरिकेच्या घराघरांत गेली. त्याच वर्षी नाटकासाठी मिळालेले पुलित्झर पारितोषिक त्याने नाकारले. आज फ्रेस्नोत त्याच्या नावाचे नाट्यगृह आहे. १९८१ साली तो गेला तेव्हा त्याच्या अस्थींचा एक भाग फ्रेस्नोत राहिला आणि एक आर्मेनियाची राजधानी येरेवानला गेला. १९८३ मध्ये तर जॉर्ज ड्युकमेजियन हे आर्मेनियन निर्वासितांचे पुत्र अख्ख्या कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले.

गोष्ट इथे संपली असती तर ती सुखान्त झाली असती. पण इतिहास इतका सोयीचा नसतो. १९७५ नंतर लेबनॉनमधल्या यादवीमुळे, १९७९ नंतर इराणमधल्या क्रांतीमुळे आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत आर्मेनियातून, असे आर्मेनियनांचे नवे गट कॅलिफोर्नियात आले. ते बहुतेक लॉस एंजेलिस आणि त्याला लागून असलेल्या ग्लेंडेल शहरात स्थिरावले. आणि तेच जुने आरोप नव्या कपड्यांत परत आले. सरकारी मदत लाटतात, महागड्या गाड्या उडवतात, आपल्याआपल्यातच राहतात. शाळांमधून आर्मेनियन आणि लॅटिनो मुलांमध्ये मारामाऱ्या झाल्या. बोलणाऱ्यांत या वेळी सगळे गोरे नव्हते. तीन पिढ्या अमेरिकेत काढलेले काही आर्मेनियनही म्हणू लागले की हे नवे आलेले आमच्यासारखे नाहीत, यांच्यामुळे आमचे नाव खराब होते. बैरूतचा तेहरानच्याला नावे ठेवी आणि दोघे मिळून येरेवानच्याला. ज्यांच्या आजोबांनी 'फ्रेस्नो इंडियन' ही शिवी खाल्ली, त्यांच्याच तोंडी ती भाषा आली.

तरीही काही दारे नीट उघडली. एके काळी सूर्य मावळल्यावर कृष्णवर्णीय माणसाने थांबायचे नाही, असा ग्लेंडेलचा लौकिक होता. सप्टेंबर २०२० मध्ये तिथल्या नगरपरिषदेने त्या भूतकाळाबद्दल जाहीर माफी मागितली. तोवर आर्मेनियन हा त्या शहरातला फार मोठा, राजकारणात वजन असलेला समाज झाला होता. म्हणजे स्वतःचे नाव यादीतून सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी का होईना, यादीविषयी बोलता येते. अमेरिकेच्या संसदेच्या दोन्ही सभागृहांनी २०१९ साली आणि राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी २०२१ साली १९१५ च्या संहाराला वंशसंहार म्हटले. एका समाजाचे दुःख त्या देशाने शंभर वर्षांनी अधिकृतपणे उच्चारले.

लापियरने जी पद्धत वापरली तिला पदवी लागत नाही. कुणी म्हणाले की 'ते लोक असे असतात', तर दोनच प्रश्न विचारायचे. हे तुम्ही मोजले आहे का? आणि मोजून खोटे निघाले तर तुमचे मत बदलेल का? पहिल्या प्रश्नाला पुष्कळांकडे उत्तर नसते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने स्वतःला, एकट्याने, द्यायचे असते. त्या उत्तरावर कुणाचे तरी घर, कुणाची तरी बाग अवलंबून असते.